बाईंनी राहू दिलेली गळती

या मित्रांनो, असे जवळ या. काचेला नाक लागलं तरी चालेल, पुसणारा सकाळी येतोच. मागच्यांनीही थोडं पुढे सरकून घ्या, कारण माझा आवाज मोठा नाही आणि जे सांगायचं आहे ते ओरडून सांगण्यासारखं नाही. एक गोष्ट सांगतो. गोष्ट लाजेची आहे. पण ती ऐकून उठाल तेव्हा रिकाम्या हाताने उठणार नाही, एवढा शब्द देतो.

मी एक जुना पुतळा आहे. काचेच्या कारखान्याच्या फाटकापाशी, काचेच्याच कपाटात मला उभं केलं आहे. अंगावर इस्त्रीचा गणवेश आहे, छातीला चकचकीत बिल्ला आहे, पायाशी पितळेची पाटी आहे. येणारे पाहुणे पाटी वाचतात, माझ्याकडे बघतात आणि कौतुकाने माना डोलावतात. त्या वेळी मला मान खाली घालावीशी वाटते. पण माझी मान साच्यातूनच ताठ आली आहे. माझा नाइलाज आहे.

कागदाचा लगदा आणि त्यावर प्लास्टरचा थर, असा माझा जन्म. थर वाळला, रंग चढला आणि मी एका कपड्यांच्या दुकानाच्या दर्शनी खिडकीत जाऊन उभा राहिलो. काय दिवस होते ते! अंगावर नवा कोट, गळ्यात टाय, खांद्यावर धूळ बसली रे बसली की ब्रश फिरायचा. येणाऱ्या-जाणाऱ्या बायका नवऱ्याला कोपर मारून म्हणायच्या, “बघा, असं उभं राहायचं असतं.” मला वाटायचं, माणूस म्हणजे कपडे. आत काय असतं हा प्रश्न मला कधी पडलाच नाही, कारण माझ्या आत काही नव्हतंच.

मग एकदा खिडकी पुसताना कुणाचा तरी धक्का लागला आणि मी तोंडावर पडलो. छातीपासून मांडीपर्यंत सरळ तडा गेला. दुकानदाराने हळहळत माझा कोट उतरवला, पँट उतरवली आणि मला जिन्याखाली ठेवून दिलं. त्याची म्हातारी आई तेवढी म्हणाली, “अरे, त्याच्यावर चादर तरी टाक. गिऱ्हाईक बघतंय.” लाज म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं, आणि तेव्हापासून तिने माझी पाठ सोडलेली नाही.

त्या जिन्याखालून मला बाईंनी बाहेर काढलं.

बाई म्हणजे याच कारखान्याच्या दवाखान्यातल्या नर्स. सगळे त्यांना बाईच म्हणत, साहेबापासून झाडूवाल्यापर्यंत. ठेंगण्या, गोल चेहऱ्याच्या, आणि सतत काहीतरी गुणगुणणाऱ्या. देवाची भजनं त्यांच्या ओठांवर अशी असत, जशी आपल्या ओठांवर जांभई. नवऱ्यासाठी सदरा घ्यायला आल्या आणि चादरीखालून बाहेर आलेला माझा पाय त्यांना दिसला.

“याचं काय करणार?” त्यांनी विचारलं.

“मोडीत घालणार.”

“मग मला द्या.”

दुकानदार हसला. “बाई, घरी एक माणूस आहे ना तुमच्या?”

“आहे की. पण त्याला उघडून दाखवता येत नाही.”

बाईंना उघडून दाखवता येईल असा माणूस का हवा होता, ते सांगतो. काचेच्या कारखान्यात काच माणसाइतकी उंच असते आणि तिची कड सुरीहून धारदार असते. थोड्याच दिवसांपूर्वी तिथे एका कामगाराच्या दंडाला, अगदी आतल्या बाजूला, काच लागली होती. आजूबाजूला चौघं जण उभे होते. एकाने त्याच्या तोंडावर पाणी मारलं, एक टॉवेल शोधायला पळाला, एकाने त्याचं डोकं मांडीवर घेतलं, आणि एकजण डोळे मिटून देवाचं नाव घेत राहिला. बाई दवाखान्यातून धावत पोचल्या तोवर उशीर झाला होता.

“देवाचं नाव घेतलं ते बरंच केलं,” बाई नंतर म्हणत. “पण त्यानेच दिलेले आठ हात तिथे होते, आणि कुठे दाबायचं हे त्यातल्या एकालाही ठाऊक नव्हतं. ही लाज त्या पोरांची नाही, माझी आहे. मी इथे गोळ्या वाटत बसले होते.”

तर मित्रांनो, बाईंनाही लाज वाटत होती. पण त्यांची लाज माझ्यासारखी नुसती उभी राहिली नाही. ती कामाला लागली.

बाईंचे यजमान त्याच कारखान्यात फिटर होते. पाइप जोडणं, झडपा बसवणं, गळती काढणं हे त्यांचं काम. त्यांनी मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर आडवं केलं, तड्याच्या दोन्ही बाजूंनी माझं पुढचं कवच कापून काढलं आणि बाई सांगतील तशा लाल रबरी नळ्या माझ्यात बसवायला घेतल्या. हृदय म्हणून एका जुन्या सायकलच्या भोंग्याचा रबरी फुगा होता. त्याला फिटरांनी एकाच बाजूला उघडणारी झडप लावली. फुगा दाबला की बादलीतलं लाल पाणी उसळी मारून नळ्यांमधून पळायचं, आणि नळीवर बोट ठेवलं तर ठोका लागायचा. पहिल्यांदा तो फुगा दाबला तेव्हा मी दचकलो. इतकी वर्षं मी माणसासारखा दिसत होतो, पण माझ्या आत काही हललं ते त्या दिवशी पहिल्यांदा.

“ही महाधमनी,” बाई सांगत. “सगळ्यांत जाड नळी हीच घ्या. हृदयातून वर निघते आणि काठीच्या मुठीसारखी वळते.”

“आणि या दोन बारीक नळ्या कसल्या? अजून बाहेर पडलीही नाही तोवर फांद्या?”

“त्या हृदयालाच रक्त देतात. जो सगळ्यांना वाढतो, त्याच्या पोटाची सोय पहिली.”

फिटरांना हे पटलं. पण कमानीपाशी ते अडले. महाधमनीच्या कमानीतून वर तीन फांद्या निघतात. पहिली उजवीकडे जाते आणि पुढे फुटून उजव्या हाताला एक नि मानेच्या उजव्या बाजूला एक अशी वाटली जाते. दुसरी थेट मानेच्या डाव्या बाजूला जाते, तिसरी थेट डाव्या हाताला.

फिटरांनी हातातला चिमटा खाली ठेवला. “अगं, उजवीकडे एकच आणि डावीकडे दोन? हे काय काम झालं? दोन्हीकडे सारखं नको का? मी अशी जोडणी केली तर मला कामावर ठेवतील का?”

“तुम्हाला ठेवणार नाहीत. पण ज्याने केली आहे त्याला कामावरून कोण काढणार?”

“मी आपला सारखं करून देतो. दिसायला बरं दिसेल.”

“अहो, दिसायला बरं हा इतके दिवस दिसतच होता. त्याने जशी जोडली आहे तशीच जोडा. देवाच्या कामात दुरुस्ती करायला बसू नका.”

फिटर पुटपुटले, पण त्यांनी तशीच जोडली. फुप्फुसाकडे जाणाऱ्या धमनीला बाईंनी निळा रंग द्यायला सांगितला तेव्हा पुन्हा वाद झाला. धमनी म्हणायचं आणि निळा रंग द्यायचा, हे कसलं तंत्र? बाई म्हणाल्या, “हृदयातून बाहेर नेते ती धमनी, मग तिच्यात काही का वाहीना. बाकीच्या धमन्या ताजं रक्त वाटायला निघतात, ही एकटी मळकं रक्त धुवायला घेऊन जाते. म्हणून निळी.” तेही पटलं. मग महाधमनी माझ्या पाठीच्या कण्यालगत खाली उतरली, जठर आणि यकृताला देत, दोन्ही मूत्रपिंडांना एकेक फांदी देत, आतड्यांना देत, बेंबीच्या जवळ येऊन दुभंगली आणि दोन्ही पायांत उतरली. मांडीच्या घडीतून पुढे, गुडघ्याच्या मागून खाली, घोट्याच्या मागे आणि पावलाच्या पाठीवर. काम संपलं तेव्हा मी स्वतःकडे पाहिलं. अंगावर धागा नव्हता आणि आतलं सगळं बाहेर दिसत होतं.

तशाच अवस्थेत मला हातगाडीवर घालून रस्त्यातून कारखान्यात नेलं. एका चिमुरडीने विचारलं, “आई, त्याचं पोट कुठे गेलं?” आईने तिचे डोळे झाकले. माझे कुणी झाकले नाहीत.

जेवणाच्या सुट्टीत, काच कापण्याच्या दालनाशेजारच्या खोलीत, बाईंचा वर्ग भरू लागला. आता तुम्हीच सांगा, पोटभर जेवलेली माणसं धमन्यांवर व्याख्यान ऐकतील का? पहिल्या दिवशी अर्धे पेंगले आणि उरलेले माझ्याकडे बघून एकमेकांना चिमटे काढत होते. दुसऱ्या दिवशी बाईंनी बोलणं बंद केलं आणि गायला सुरुवात केली. एक हात माझ्या छातीवर, एका हाताने ताल. नळी जिकडे जाईल तिकडे बोट जाई आणि बोट जाईल तिकडे गाणं:

हृदयातून निघाली, वर कमान झाली,
तीन फांद्या वर देऊन पाठीमागे गेली.
कण्याशेजारून उतरत पोटामधून आली,
बेंबीपाशी थांबली अन् दोन वाटा झाली.
मांडीच्या घडीत गड्या, मधोमध ठाव,
हाडावरती दाब धर, सोडू नको राव!

शेवटची ओळ सगळ्यांनी म्हणायची. हाताचं कडवं वेगळं होतं, मानेचं वेगळं. पण प्रत्येक कडवं हृदयापासूनच सुरू व्हायचं. मधूनच धरायला बाईंची परवानगी नव्हती. “वाटेत कुठेही चढलात तर कुठे उतरायचं ते चुकेल,” त्या म्हणत. गाता गाता मध्येच थांबून त्या चार शब्द सांगत, आणि तेच शब्द मला सगळ्यांत जास्त आवडत.

“बघा रे,” त्या म्हणाल्या होत्या, “शिरा त्याने बऱ्याचशा वर ठेवल्या, कातडीखाली. धमन्या मात्र खोल ठेवल्या, मांसाच्या आत, हाडाच्या आडोशाला. मोलाची वस्तू आपण आतल्या खोलीतच ठेवतो ना? मग तरीही मानेत, दंडाच्या आतल्या अंगाला, मनगटात, मांडीच्या घडीत त्याने त्या वर का आणल्या? तिथेच बोट ठेवलं तर लागतात, तिथेच दाबलं तर दबतात. कशासाठी? तर दुसऱ्याचा हात पोचावा म्हणून. एवढ्या जागा त्याने शेजाऱ्यासाठी उघड्या ठेवल्या आहेत.”

इतकं सुंदर बोलणं चालू असताना माझ्या बाबतीत काय घडावं? उजव्या मांडीत, घडीच्या जरा खाली, फिटरांनी बसवलेला सांधा सैल झाला. बाईंनी फुगा दाबला आणि लाल पाणी माझ्या दोन्ही पायांमधून टपटप फरशीवर गळू लागलं.

सगळ्यांच्या नजरा माझ्या पायांकडे गेल्या. मग भल्यामोठ्या मिशांचा एक कामगार, त्याला सगळे मिशा म्हणूनच हाक मारत, तो उभा राहून म्हणाला, “बाई, याला आधी बाहेर जाऊन येऊ द्या!”

मित्रांनो, काय हशा पिकला म्हणून सांगू! त्याच्या शेजारी बसलेला लांब्या, जो दारातून वाकूनच आत यायचा, तो तर हसता हसता बाकावरून घसरला. मी एके काळी रेशमी टाय लावून उभा राहिलेला पुतळा. मला वाटलं, मला पुन्हा एकदा तडा जावा आणि या वेळी तुकडेच व्हावेत.

बाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. “विनोद चांगला होता,” त्या म्हणाल्या. “आता ये पुढे आणि दाब.”

मिशाचं हसू मावळलं. “कुठे?”

“जिथून गळतंय त्याच्या वर. मांडीच्या घडीत. मधोमध. मूठ घाल आणि अंगाचा भार टाक.”

“इथं? सगळ्यांसमोर?” मिशा लालबुंद झाला. मागून कुणीतरी शीळ घातली. “लाज वाटते बाई.”

“लाजेने रक्त थांबत असतं तर मी तुम्हाला लाजायलाच शिकवलं असतं. दाब.”

मिशाने डोळे मिटले आणि दाबलं. आधी बाहेरच्या बाजूला, मग फार आत. पाणी गळतच होतं. बाईंनी त्याला पुन्हा पहिल्या ओळीपासून गायला लावलं. गाणं मांडीशी पोचलं, मूठ मधोमध बसली आणि गळती थांबली. मिशाने एक डोळा उघडून खाली पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावरचं नवल मी कधी विसरणार नाही.

“पण हे लक्षात ठेवा,” बाई म्हणाल्या. “खऱ्या माणसाला लागलं तर आधी जखमेवरच कपडा दाबून धरायचा, घट्ट. बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं. तेवढ्याने थांबलं नाही, उसळ्या मारत येत राहिलं, तर एकाने जखमेवरचा हात काढायचा नाही आणि दुसऱ्याने वर, हाडावर दाबायचं. आणि मानेच्या दोन्ही बाजू एकदम कधी दाबायच्या नाहीत, नाहीतर वाचवायला जाल आणि भलतंच होईल.”

संध्याकाळी फिटर हत्यारं घेऊन आले. त्यांचा चेहरा पडला होता. “सगळ्या कारखान्यात झालं, फिटरच्या सांध्याला गळती. माझी काही इज्जत आहे की नाही? आत्ता बदलतो.”

“नका बदलू,” बाई म्हणाल्या.

“म्हणजे?”

“राहू द्या गळती. सगळं कोरडं असेल तर हे नुसते बघतील. समोर माणूस गळतोय म्हटल्यावर कुणालातरी उठावं लागतं. तुमच्या इज्जतीचं मी देवाशी बोलून घेईन.”

“आणि याच्या?” फिटरांनी माझ्याकडे बोट केलं. माझा विचार करणारा तो पहिलाच प्रश्न होता.

बाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “हा समजूतदार आहे.”

मी समजूतदार नव्हतो. त्या गळतीची मला प्रत्येक दुपारी नव्याने लाज वाटत राहिली. पण गळती राहिली. वर्ग सुरू झाला की कुणीतरी एकजण पुढे येऊन माझ्या मांडीत मूठ घालून बसायचा, त्याशिवाय पुढचं शिकवणंच अशक्य होतं. बाकी सारं ते विसरले असतील, पण ती एक जागा त्या दालनातल्या प्रत्येक हाताला पाठ झाली.

वर्षं गेली. माझ्या नळ्यांचा लाल रंग विटला. मग कारखान्यात नवे साहेब आले. ते वाईट नव्हते, हे मी आधीच सांगतो. त्यांना कामगारांची काळजी होती. पण परदेशातून गिऱ्हाइकं यायची होती, आणि साहेबांना माझी लाज वाटत होती. मला स्वतःलाच वाटत होती, तर त्यांना का बोल लावू?

“बाई,” ते म्हणाले, “दुपारच्या सुट्टीत आपली माणसं गाणी म्हणत एका नागड्या पुतळ्याच्या मांडीत मूठ घालून बसतात. पाहुण्यांनी विचारलं तर मी काय सांगू?”

“हेच सांगा.”

“फिल्म मागवली आहे मी. तज्ज्ञांनी केलेली. उत्तम आहे. आता हे बंद करू या.”

फिल्म खरंच उत्तम होती. तिच्यातल्या धमन्या माझ्या नळ्यांपेक्षा कितीतरी सुंदर होत्या. फक्त ती गळत नव्हती, त्यामुळे बाकावरून कुणाला उठावं लागत नव्हतं. खोलीत अंधार असे, पंखा फिरत असे, आणि मिशाचं घोरणं मला पलीकडच्या सामानाच्या खोलीत ऐकू येई. कारण मला आता तिथे ठेवलं होतं, मोडक्या खुर्च्या आणि रिकाम्या डब्यांच्या मागे, भिंतीला पाठ लावून. काच कापण्याचं दालन आणि मी, यांच्यामध्ये एक लाकडी फळ्यांची भिंत होती. बाई अधूनमधून येत आणि माझा फुगा दोनदा दाबून जात. म्हणत, “झडप चिकटू नये म्हणून.” पण माझ्याशी बोलताना त्यांचा आवाज बसलेला असे. “नवीन आलेल्या पोरांचे हात कोरडेच आहेत रे,” एकदा म्हणाल्या. “उद्या कुणाला लागलं तर पुन्हा चौघं उभे राहतील.”

आणि एका भर दुपारी लागलं.

त्या दिवशी बाईंना मागच्या इमारतीत नव्या दवाखान्याची कपाटं लावायला पाठवलं होतं. मी पाहिलं काहीच नाही, सगळं भिंतीआडून ऐकलं. आधी काच फुटल्याचा आवाज. तो तिथे रोजचाच. त्याच्यामागोमाग मात्र कुणी ओरडलं नाही, आणि ती शांतता रोजची नव्हती. मग एकदम धावपळ.

“लांब्या! अरे लांब्याला लागलं!”

“मांडीत घुसली!”

“कपडा आणा! दाब, जखमेवर दाब!”

“दाबलाय रे! थांबत नाहीये, उडतंय बघ!”

“पाणी मारा तोंडावर…”

मित्रांनो, पाणी हा शब्द ऐकला आणि मला दंडाला काच लागलेला तो कामगार आठवला. मी लगद्याचा पुतळा, माझे हात साच्यातून आले तसेच लोंबत होते. तेवढ्यात मिशाचा आवाज आला. घोगरा, थरथरता, बेसूर.

“हृदयातून निघाली… वर कमान झाली…”

“अरे गातोस काय मेल्या! माणूस मरतोय इथं!”

“गप्प बस! मला मधूनच येत नाही!” मिशा रडत ओरडला. “तीन फांद्या वर देऊन… पाठीमागे गेली… जखमेवरचा हात काढू नकोस तू! कण्याशेजारून… बेंबीपाशी…”

मी इकडे फळीआड उभा राहून प्रत्येक शब्दाबरोबर खाली उतरत होतो. माझ्या सगळ्या नळ्या कोरड्या होत्या, तरी शपथेवर सांगतो, मला मांडीच्या घडीत ती मूठ जाणवली.

“मधोमध ठाव,” मिशा म्हणाला, आणि थांबला.

मग जखमेवर हात धरलेल्याचा आवाज आला. “कमी झालं. अरे, उडायचं थांबलं!”

“मग म्हणा की रे सगळे!” मिशा किंचाळला. “माझा हात भरून येतोय!”

आणि ते सगळे म्हणू लागले. हाडावरती दाब धर, सोडू नको राव. हाडावरती दाब धर, सोडू नको राव. पेंगणारे, शीळ घालणारे, चिमटे काढणारे. कधीच न शिकलेली नवी पोरंही ऐकून ऐकून म्हणू लागली. मिशाचा जोर संपत आला की दुसरा त्याच्या मुठीवर मूठ ठेवी. मध्येच त्या सुरात एक बाईचा आवाज मिसळला, धापा टाकणारा. बाई धावत पोचल्या होत्या. त्यांनी काय पाहिलं ते मला दिसलं नाही. एवढंच ऐकलं, की त्यांनी कुणाचा हात बाजूला केला नाही. “बरोबर आहे. सोडू नकोस,” म्हणाल्या आणि पुढची ओळ त्यांनी उचलली. रुग्णवाहिका येईपर्यंत गाणं थांबलं नाही.

लांब्या वाचला. आता थोडा लंगडतो, पण अजूनही दारातून वाकूनच येतो.

गोष्ट इथे संपली असती तर मी तुम्हाला इतक्या जवळ बोलावलं नसतं.

साहेब स्वतः सामानाच्या खोलीत आले. माझ्यासमोर बराच वेळ उभे राहिले. मला वाटतं, त्यांनाही लाज वाटत होती. पण साहेब लोकांना लाज वाटली की ते समारंभ करतात. मला धुतलं, पुसलं, रंगवलं. मांडीतला सांधा कायमचा पक्का केला. मग गणवेश शिवून आणला. शर्टाला छातीवर फुगवटा येतो म्हणून भोंग्याचा फुगा काढून टाकला. म्हणजे माझं हृदय. बाईंनी तो कचऱ्यातून उचलून पिशवीत घातला आणि घरी नेला. मला काचेच्या कपाटात उभं केलं. पाटीवर कोरलं, ‘सुरक्षितता हाच आमचा अभिमान’. खाली साहेबांचं नाव, कारखान्याचं नाव, समारंभाची तारीख.

बाई मागच्या रांगेत बसल्या होत्या. मिशाला व्यासपीठावर बोलावून शाबासकी दिली. त्याने माइक हातात घेतला, बाईंच्या दिशेने पाहिलं, तोंड उघडलं आणि म्हणाला, “ते गाणं… म्हणजे आमच्या बाई…” तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, वेळ कमी आहे, आणि माइक पुढे गेला. मिशा खाली उतरला. अजूनही फाटकातून येता-जाता तो माझ्याकडे बघत नाही, जमिनीकडे बघतो. मी त्याला ओळखतो. त्याच्या लाजेचं आणि माझ्या लाजेचं गोत्र एकच आहे. जे दुसऱ्याचं होतं ते आमच्या गळ्यात घातलं गेलं, आणि आम्हाला ते काढता आलं नाही.

पूर्वी मला उघडं असण्याची लाज वाटायची. आता मला या कपड्यांची वाटते. माझी नाडी कुणाला लागत नाही. माझ्यावरून बोट फिरवून कुणी काही शिकत नाही. मी पुन्हा तोच झालो आहे, दुकानाच्या खिडकीतला.

निवृत्त झाल्यावर बाई एकदाच इकडे आल्या. लांब्याच्या घरी निघाल्या होत्या, वाटेत थांबल्या. माझा गणवेश पाहून त्यांना इतकं हसू आलं की डोळ्यांना पदर लावावा लागला. “अरे, तुला पुन्हा नटवलं का?” म्हणाल्या आणि काचेचं दार उघडायला हात पुढे केला.

फाटकावरचा पहारेकरी नवा होता. “बाई, हात लावू नका. बघायचंय ते लांबून बघा.”

बाईंनी हात मागे घेतला. मला वाटलं, आता माझी काच तडकेल तर बरं. पण बाईंची लाज आणि माझी लाज यांत फरक आहे हे मी मघाशीच सांगितलं. त्यांनी पहारेकऱ्याकडे वळून विचारलं, “तुझी नाडी कुठे आहे, ठाऊक आहे का रे बाबा?”

“डॉक्टरांना ठाऊक असेल.”

“दे इकडे हात.” आणि फाटकात उभ्याउभ्या त्यांनी त्याची दोन बोटं त्याच्याच मनगटावर ठेवली. हृदयातून निघाली, वर कमान झाली… काखेतून, दंडातून, कोपराच्या पुढून, अंगठ्याच्या बाजूला. पहारेकऱ्याने आधी कपाळाला आठ्या घातल्या. मग त्याचा चेहरा उजळला. “अरेच्चा! ही तर उड्या मारतेय की!”

“मारू दे. आता तुझ्या बायकोची शोध, पोरांची शोध. आणि मांडीतली घरी जाऊन शोध, इथे नको. लोक हसतात.” माझ्याकडे बघून त्यांनी डोळे मिचकावले आणि रस्त्याला लागल्या.

बाई आता नाहीत. भोंग्याचा तो फुगा फिटरांनी घरी फळीवर ठेवला आहे, आणि झडप चिकटू नये म्हणून ते रोज सकाळी तो दोनदा दाबतात, असं लांब्या पहारेकऱ्याला सांगत होता.

मित्रांनो, मला हात लावायची तुम्हाला परवानगी नाही. पण तुमच्या स्वतःच्या अंगाला काच लावलेली नाही. या नळ्या जपा. कमानीपासून पावलापर्यंत त्या रात्रंदिवस कामावर आहेत आणि त्यांनी कधी पाटी मागितलेली नाही. एकदा मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला, दोन बोटं ठेवा. फार जोरात नको. थोडं थांबा. लागली? मग आता शेजारच्याची बघा. त्याची लागली की एवढंच करा, त्या ठेंगण्या, गुणगुणणाऱ्या बाईंची आठवण काढा. या पाटीवर त्या कुठेच नाहीत.